हाकेला ओ

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताई,

शि. सा. न. वि. वि. शाळेत बाईंनी एवढीच अक्षरं घोटून घेतली होती, पुढची यायच्या आत माझी शाळा सुटली. तेव्हा नमस्कार समजून घ्या आणि चुका सांभाळून घ्या.

लिहायला बसले खरी, पण दर दोन ओळींनी उठून पोरीला बघून येतेय. काल भिंगरी बसखाली जाता जाता वाचली. घाबरू नका, पोरगी धड आहे, गुडघा तेवढा सोलवटलाय. लाँड्रीतून सुटून मी तिला घेऊन चौकातून येत होते. एका हातात पिशवी, एका हातात ती. कॅसेटच्या दुकानात यांचं गाणं लागलं. गाण्याच्या आधी हे हाक मारतात ना, आहेस का गं म्हणून, ती आली. हिने आहे! म्हणून जी आरोळी ठोकली आणि माझा हात हिसडून सुटली, ती सरळ रस्त्यात. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. आतली माणसं एकमेकांवर पडली. तो खाली उतरून मला नाही नाही ते बोलला, त्याचं तरी काय चुकलं? मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं ही कुणाची पोर आहे ते. त्यासरशी त्याने टोपी काढली आणि भर रस्त्यात रडायला लागला. मागे गाड्या हॉर्न मारतायत आणि हा रडतोय. ताई, मी पोरीला बघू की त्याची समजूत काढू?

तुम्ही लांब असता म्हणून सांगते. लोकांना ती हाक गाण्यातली वाटते. पण हे घरी येतानासुद्धा जिन्याच्या खालच्या पायरीवरून तशीच हाक द्यायचे, आणि भिंगरी हातातलं टाकून ओ देत दाराकडे पळायची. तिला वाटतं अजून तेच चाललंय. बाबा बोलावतोय आणि आपण ओ द्यायची. मग तो न्हाव्याकडच्या रेडिओतून बोलावो नाहीतर चहाच्या दुकानातून.

हे आणि भातेकाका जाऊन वर्ष होत आलं. एकाचा गळा, एकाचा अकॉर्डियन, आणि एकाच गाडीच्या अपघातात दोघं गेले. पण लोक काही त्यांना जाऊ देत नाहीत. आता तर जास्तच वाजवतात. लाँड्रीत रेडिओवर हे लागले की बायका धावत जाऊन बंद करतात आणि मग सगळ्या माझ्याकडे बघतात. ते बघणं गाण्यापेक्षा वाईट.

मी पोरीला सांगून बघितलं, बाबा डब्यात नाही, नुसता आवाज आहे. कॅसेटवाल्याने तर बिचाऱ्याने मशीन उघडून दाखवलं. हिने आत वाकून बघितलं आणि म्हणाली, मागच्या दाराने गेला असेल.

तीन वर्षांच्या पोरीला काय समजावू, आणि सगळ्या गावाचं तोंड कसं बंद करू? मला घराबाहेर पाऊल टाकायची धास्ती बसलीय. काहीतरी सुचवा. नणंद असून मला तुमचाच आधार वाटतो, असं इथल्या बायकांना सांगितलं तर खोटं वाटतं त्यांना.

आईंना सांगू नका. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरीची आई


ता. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीच्या आईस,

अ. उ. आ., आणि सोबत एक धपाटा. एवढं होऊन गेलं आणि गुडघा तेवढा सोलवटलाय म्हणून लिहितेस? तुझं पत्र मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. हातातला डाव पातेल्यात बुडाला तो तसाच. पोरं उशिरा जेवली. हेडमास्तरांनी विचारलं बाई डोळे का लाल, तर कांदा म्हणून सांगितलं. त्या दिवशी कांदा नव्हताच, पण पुरुषमाणसाला काय कळतंय.

आईला कळू दिलेलं नाही. तिचं दुपारचं ठरलेलं आहे. जेवण झालं की मशीन उशाशी घ्यायचं, त्याची कॅसेट लावायची, तो आहेस का गं म्हणाला की आहे रे बाबा म्हणायचं आणि डोळे मिटायचे. एकदा मी बंद करायला गेले तर अशी खेकसली की शेजारीण बघायला आली. म्हणून तुला इकडे ये म्हणायची सोय नाही. इथे तर घरातच हाक मारतो तो.

तू पोरीला ओढणीने स्वतःच्या कमरेला बांध. लोक हसले तर हसू देत. मला आई खाटेच्या पायाला बांधून कामाला जायची, माझं काही बिघडलं का? बिघडलं असं तुझा नवरा म्हणायचा, ते सोड.

आणि घड्याळवाल्याकडे जा. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी टपरी घालून बसतो तो. त्या सगळ्या चाहत्यांचा म्होरक्या तोच, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. माझ्या वर्गात होता. मुखदुर्बळ आहे, पण मन सोन्याचं. त्याला सरळ सांग. भिडस्तपणा करून पोर घालवू नकोस.

पापा घे तिचा, माझ्या नावाने दोन घे. पत्र लवकर टाक, नाहीतर माझा माझ्यावरच ताबा राहत नाही.

तुझी ताई


ता. २८ फेब्रुवारी

ती. ताई,

शि. सा. न. ओढणी बांधली. पहिल्याच दिवशी आम्ही दोघी जिन्यात गडगडलो. आता बांधते पण हातात गुंडाळून.

घड्याळदादांकडे गेले. त्यांच्या टपरीत सगळी घड्याळं आपापली वेळ दाखवत टिकटिकत होती, आणि मध्ये यांचा आणि भातेकाकांचा फोटो. मी सांगत होते तोवर त्यांनी डोळ्याचं भिंग काढलंच नाही. शेवटी काढलं तर भिंगाच्या आत पाणी.  फक्त एवढं म्हणाले की वहिनी, आठ दिवस द्या.

आणि ताई, त्यांनी काय केलं असेल? चौकातल्या, आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांतून, घराघरांतून यांच्या कॅसेटी मागवून घेतल्या. त्या घड्याळाच्या बारीक चिमट्याने आतली पट्टी बाहेर ओढली आणि प्रत्येकीतली तेवढी हाक कापली. त्या जागी तेवढीच कोरी पट्टी चिकटवली. लोकांनी आपण होऊन आणून दिल्या. ज्या हाकेसाठी माणसं यांच्या कार्यक्रमाला चालत यायची, ती त्यांनी भिंगरीसाठी कापू दिली. कापलेले तुकडे म्हणे त्यांनी स्क्रूच्या डबीत जपून ठेवलेत, फेकवले नाहीत.

आता चौकात गाणं लागतं तर आधी क्षणभर काहीच नसतं. पण लोकांना सवय झालेली. त्या रिकाम्या जागेतसुद्धा कुणी ना कुणी पुटपुटतंच, आहे म्हणून. बसची वाट बघणारा एक, चहा गाळणारा एक. 

पण रेडिओचं काय करणार? तो कुणाच्या चिमट्यात येत नाही. परवा न्हाव्याकडे रेडिओवर हाक आली आणि पोरगी सुटली. न्हाव्याने साबणाच्या हाताने धरली म्हणून बरं. दारावर माणसं येतच असतात. एक म्हातारी लांबून आली, यांचा कंगवा हातात घेऊन बसली. तिचा मुलगा गेला तेव्हा यांचं गाणं ऐकून तिच्या घशाखाली पहिला घास उतरला होता, म्हणाली. अशा माणसाला दार कसं लावू? जाताना भिंगरीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, तोच आहे. मला ओरडावंसं वाटलं की नाही, ती तो नाही. वाकून तिच्या चपला सरळ करून दिल्या.

आता रोज सकाळी वेणी घालताना पोरीला शिकवते, बाबाने हाक मारली तरी जायचं नाही, ओ द्यायची नाही. कुठली आई असं शिकवते ताई? काल तिने मान वर करून विचारलं की मी ओ नाही दिली तर तो खालीच उभा राहील ना? माझ्या हातातली वेणी सुटली.

वर्षाचा दिवस जवळ येतोय. मैदानावर मोठा कार्यक्रम आहे, खांबाखांबावर कर्णे लावणार. हे ऐकलं तेव्हापासून मला झोप नाही.

लोभ जितका आहे तितका सगळा लागेल, राखून ठेवा.

तुमची,
भिंगरीची आई


ता. ८ मार्च

चि. भिंगरीच्या आईस,

अ. उ. आ. पोरीचं ते वाक्य वाचून मी आख्खा दिवस कामात नव्हते. तिला कुणी सांगितलं हे? तुला तरी त्याने सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, लाजत असेल.

तो लहानपणी रिकाम्या घराला फार भ्यायचा. शाळेतून आला की जिन्याखाली उभा राहून आईला हाक द्यायचा, आहेस का गं? वरून आहे म्हणून ओ आली तरच पायरी चढायचा. आई कामावरून आली नसली तर तिथेच दप्तर कवटाळून उभा, संध्याकाळ झाली तरी. मी त्याला भित्री भागूबाई म्हणून चिडवायचे. मोठा झाला, गाणारा झाला, तीच हाक मैदानात मारायला लागला, आणि हजारो माणसं ओ द्यायला लागली. लोकांना वाटलं प्रेयसीला बोलावतोय. मी मागे उभी राहून हसायचे. माझ्या भित्र्या भावाला एवढी सगळी माणसं सांगतायत की वर ये, घरात कुणीतरी आहे.

हे सगळं मी घड्याळवाल्यालाही लिहिलं. त्याला लिहिलं की बाबा, तू कापलंस ते चांगलंच केलंस, तुझे उपकार, पण पोरीच्या मनात तिचा बाप जिन्याखाली ओ ऐकायची वाट बघत उभा आहे, त्याचं काहीतरी कर. त्याचं लगेच उत्तर आलं. दोनच ओळी. म्हणतो, आम्हालाही ते कापल्यापासून चैन नाही, पोरीचा बाप आम्ही कात्रीने नेला असं वाटतं, उपाय सापडलाय, वर्षाच्या दिवशी वहिनींच्या गल्लीत एकही कर्णा वाजणार नाही. काय उपाय ते सांगितलं नाही. वर्गातही असाच होता, उत्तर यायचं पण हात वर करायचा नाही.

तेव्हा आता जरा धीर धर. खा नीट. तू वाळलीस तर ओढणी कशाला बांधायची, तुलाच वारा उडवून नेईल.

आई विचारते भिंगरीला दात किती आले. सगळे आले म्हणून सांगते, रोज सांगते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


ता. २९ मार्च

ती. ताई,

नमस्कार. आज अक्षरं वगैरे काही आठवत नाहीत.

वर्षाच्या दिवशी मी कामावर गेले नाही. खिडक्या लावून घेतल्या. घड्याळदादांनी शब्द पाळला, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मैदान लांब, तिथलं काही ऐकू येत नव्हतं. भिंगरी फरशीवर बटणं मांडत बसली होती आणि मी तिच्या फ्रॉकची शिवण घालत होते. मला वाटलं, निभावलं.

मग दुपारी जिन्याखालून हाक आली. आहेस का गं?

ताई, ती कॅसेट नव्हती. कॅसेटीत जिना वाजत नाही. खालच्या पायरीची ती फळी कुरकुरली आणि मग हाक आली, तशीच, शेवट जरा उचललेला. भिंगरी तर पळालीच, पण मीसुद्धा उठले. खोटं कशाला सांगू. शिवण कुठे पडली कळलं नाही, मी केस सारखे करत उठले.

पोरगी आहे आहे आहे करत अर्धा जिना उतरली आणि थांबली. खाली तो कंडक्टर उभा होता. यांच्या आवाजात गातो तो, तुम्ही त्याला कुठल्यातरी लग्नात ऐकलंय. यांच्यासारखा भांग, यांच्यासारखा निळा कोट. त्याच्या मागे घड्याळदादा, न्हावी, कॅसेटवाला, तो बसवाला ड्रायव्हरसुद्धा, सगळे श्वास रोखून उभे. आणि तोंडावर असा आनंद ताई, की आपण देव आणून दिला.

भिंगरीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याच्या बाजूने वाकून त्याच्या मागे बघितलं, त्या सगळ्यांच्या मागे, रस्त्यापर्यंत. कंडक्टर घाबरला, त्याला वाटलं ऐकू नाही आलं, त्याने अजून एकदा हाक मारली. तिच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याच तोंडातून बाबाचा आवाज आला. ती रडली नाही. एक एक पायरी, भिंतीला धरून, वर आली. माझ्या बाजूने आत गेली आणि बटणांपाशी बसली.

कंडक्टर खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घड्याळदादा म्हणाले, वहिनी, आम्हाला वाटलं एकदा तरी तिची ओ त्याला पोचेल. दुसरं काही नव्हतं मनात. मला माहीत आहे दुसरं काही नव्हतं. त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर पाणी घेता का. सगळे पाणी प्यायले. पेले विसळून ठेवले मी. दुसरं काय करणार?

राग कुणावर काढू ते तरी सांगा. तुम्ही भल्यासाठी लिहिलं, त्यांनी भल्यासाठी केलं. कुणी वाईट असतं तर बरं झालं असतं.

तुमची,
भिंगरीची आई


ता. ५ एप्रिल

चि. भिंगरीच्या आईस,

अ. उ. आ. लिहायला पेन उचलते आणि खाली ठेवते, असं तीनदा झालं. माझ्या पत्रातला जिना त्यांनी उचलला. मला वाटलं होतं मी त्यांना आमच्या लहानपणाची गोष्ट सांगतेय, ते समजले मी काम सांगतेय. घड्याळवाल्याचं रडकं पत्र आलंय. त्याला शिव्या द्यायला बसले आणि शेवटी सावर बाबा स्वतःला असंच लिहून पाठवलं.

आणि एक ऐक, तुला सांगू की नको असं झालंय. तुझं पत्र वाचताना मी दारात बसून रडत होते, तर आई मागून आली आणि हटूनच बसली, काय झालं सांग. सांगितलं सगळं. मला वाटलं ती कोसळेल. ती म्हणाली, हाक हुबेहूब होती का? म्हटलं, सून तर उठून उभी राहिली. मग म्हणाली, त्याला इकडे पाठवा की. पोरीला नको असेल तर मला चालेल.

मी उठून तिचं जेवण वाढलं.

पोरीचं कळव. चटकन कळव.

तुझी ताई


ता. २० एप्रिल

ती. ताई,

शि. सा. न. आधी आईंचं. मी कंडक्टरला निरोप दिला. तो तेव्हापासून आमच्या गल्लीतून जायचंच टाळत होता, बस दुसऱ्या रस्त्याने नेता आली असती तर नेली असती. आईंचं ऐकून त्याने लगेच रजा टाकली. येत्या शुक्रवारी दुपारी तुमच्याकडे येतोय. कोट आणू का म्हणून विचारत होता, मी आण म्हटलं. आई आडव्या झाल्या, डोळे मिटायच्या आत, त्याला जिन्याखालून हाक मारायला सांगा, आणि वर बोलावू नका. खालूनच परत पाठवा. जेवायला मात्र शाळेत न्या, भुकेला येईल.

आता पोरीचं. सगळे म्हणतात बरं झालं, शहाणी झाली. घड्याळदादांनी मला विचारून कॅसेटी परत जोडल्या. डबीतला एक एक तुकडा बघून ज्याचा त्याला लावला. काल चौकातून येत होते. ओढणी नव्हती, नुसतं बोट धरलं होतं. कॅसेटच्या दुकानातून हाक आली, पहिल्यासारखी, मोठी. चहावाला आहे म्हणाला, रिक्षावाला म्हणाला, दुकानातली दोन पोरं हसून म्हणाली. मी तिचं मनगट आवळलं. ती बिस्कीट खात होती. खातच राहिली. मानसुद्धा वळवली नाही. बस आली, गेली. मी हेच मागितलं होतं ना ताई? रोज वेणी घालताना हेच तर शिकवत होते.

रस्त्याची भीती गेली. रात्री डोळा लागतो. पण घरात एक झालंय ते तुम्हालाच सांगते, इथे कुणाला सांगितलं तर हसतील. मी स्वयंपाकघरातून तिला हाक मारते, तर ओ येत नाही. पहिल्यांदा वाटलं रुसली, मग वाटलं कानात काही झालं. तसं नाही. ती हातातलं ठेवते, न बोलता चालत येते, दाराच्या कडेला उभी राहून माझं तोंड नीट बघते. हाक मारणारी मीच आहे ना, ते बघते. मग म्हणते, आहे.

मी हातातलं काम टाकून तिच्याकडे तोंड करून उभी राहते. तेवढंच करता येतं.

लोभ असू द्या, आणि पत्र लिहाल तेव्हा तिच्यासाठी म्हणून खाली तुमचा एक फोटो जोडा.

तुमची,
भिंगरीची आई